पाच अँपियरची तार

मानाजीराव वायरमन यांचा सगळा अभिमान एका वाक्यात मावत असे. आपण वायरिंग केलेल्या घरात आजवर ठिणगी पडलेली नाही, हे ते वाक्य. कुणी विचारो न विचारो, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, चहाच्या टपरीवर ते हे सांगत. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला एवढी एक बढाई माफ करायला हरकत नाही. फक्त ते वाक्य बोलताना दर वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे एक भिंत उभी राही. ती कुणाच्या घरातली, हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

ती भिंत कुवेंपुनगरातल्या व्यासराज मास्तरांच्या घराची. पस्तीस वर्षांपूर्वी मास्तरांनी घर बांधलं तेव्हा आजूबाजूला नुसते मोकळे प्लॉट आणि गाजरगवत होतं. मास्तर मराठी बोलणारे, मानाजीरावही मराठी बोलणारे. म्हैसुरात एवढ्यावर काम मिळायला पुरेसं असतं. गृहप्रवेशाचा मुहूर्त शुक्रवारी सकाळचा होता आणि तो चुकला तर पुढचे चार महिने दुसरा नव्हता. गुरुवारी संध्याकाळी झोपायच्या खोलीची शेवटची लाइन ओढताना वायर संपली. पाइपही संपला. त्या दिवशी शहरात बंद होता, एकही दुकान उघडं नव्हतं. गवंडी हातात थापी घेऊन उभा होता आणि मास्तर दर पाच मिनिटांनी येऊन घड्याळ बघून जात होते.

मानाजीरावांनी उरलेले दोन तुकडे एकमेकांना पिळले, वर टेप गुंडाळली आणि दोन हात लांबीची ती वायर पाइपाशिवाय तशीच भिंतीच्या खाचेत दाबली. गवंड्यानं वरून गिलावा फिरवला. आठवड्याभरात भिंत उकरून नीट करू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. आठवड्यानं भिंतीला रंग लागला होता. नवीन रंगाची भिंत फोडा असं मास्तरांना कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांनी सांगितलं नाही.

मात्र माणूस बेफिकीर नव्हता, हेही सांगायला हवं. जोड कच्चा आहे, त्यातून जास्त करंट गेला तर तो तापणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या खोलीच्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये त्यांनी पाच अँपियरची बारीक तार घातली. लोक दोन-दोन, तीन-तीन तारा पिळून घालतात, कारण फ्यूज उडाला की चिडचिड होते. मानाजीरावांना तो उडायलाच हवा होता. खोलीत इस्त्री आणि हीटर एकदम लागला की फ्यूज जाई, मग मास्तरांच्या पत्नी नागरत्नाबाई फोन करत, आणि मानाजीराव मोपेडवरून येऊन पुन्हा तशीच बारीक तार घालून जात. दुसऱ्या कुणाला त्यांनी त्या फ्यूजला हात लावू दिला नाही. पस्तीस वर्षं त्यांनी असा पहारा केला.

"मानाजीराव, हा फ्यूज तुमचा शिष्यच की," नागरत्नाबाई कॉफीचा लोटा पुढे करत म्हणायच्या. "सुम्ने उडतो, उगीचच. तुम्हांला बोलवायला निमित्त पायजे त्याला."

"उडू द्या की अक्का," मानाजीराव म्हणायचे. "माझ्या पोटापाण्याचं बघतो तो."

दोघंही हसायचे. मास्तर वारले तेव्हा नवरा-बायकोचा लग्नातला फोटो त्याच खोलीत, त्याच भिंतीवर लावायचं ठरलं. खिळा मानाजीरावांनीच ठोकला, मधोमध नाही, हातभर डावीकडे. फोटो कडेला गेला म्हणून नागरत्नाबाई पुढे कितीतरी दिवस त्यांची चेष्टा करत. त्यांनी ती मुकाट्यानं सोसली.

मागच्या वर्षी उन्हाळा इतका कडक झाला की ज्या म्हैसुरात कधीकाळी पंखासुद्धा चैनीचा वाटायचा, तिथे माणसं दुपारी ओली फडकी डोक्यावर घेऊन बसू लागली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या नागरत्नाबाई एप्रिलमध्ये न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडल्या. त्यांचा मुलगा विश्वेश पुण्यात नोकरीला. तो यंदा फेब्रुवारीत दहा दिवसांची रजा काढून आला आणि आईची खोली नव्यानं उभी करायला लागला. एसी, मोठा गीझर, भिंतभर प्लायवूडचं कपाट. घराचा मंजूर भार मास्तरांच्या काळापासून एक किलोवॅट होता. त्यावर हे चालणं शक्यच नव्हतं. विश्वेशनं तो पाच किलोवॅट करायचा अर्ज भरला. खांबापासून जाड केबल, नवा मीटर, अंगणात अर्थिंगचा खड्डा, आणि फळीवरचे जुने फ्यूज काढून पांढऱ्याशुभ्र पेटीत एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप उडणारी बटणं. काम निनाद नावाच्या एका तरुण कंत्राटदाराकडे दिलं होतं.

मानाजीरावांना हे कळलं. ते तसेच मोपेड काढून गेले. पेटीत झोपायच्या खोलीच्या लाइनसाठी, म्हणजे एसी आणि गीझर दोन्हींना मिळून, वीस अँपियरचा एमसीबी बसला होता. म्हणजे पहारेकरी काढून टाकला होता आणि फाटक सताड उघडं ठेवलं होतं.

"विशू, पेटी नवी घातलीस, चांगलं केलंस," ते म्हणाले. "पण आतली वायर सगळी बदलायला पायजे. भिंती फोडून."

विश्वेश वाईट मुलगा नव्हता. लहानपणी तो मानाजीरावांची पिशवी उचकटून टेस्टर घेऊन पळायचा. "मामा, सगळं घर फोडायचं म्हणजे पंधरा दिवस धूळ," तो म्हणाला. "अम्माला दमा आहे. निनादनं मशीन लावून तपासलं, इन्सुलेशन उत्तम आहे म्हणतो. सरळ विचारतो, रागावू नका. तुमच्या वायरिंगमध्ये कुठे फॉल्ट आहे का? असला तर तेवढी भिंत आजच फोडतो."

इतका सोपा प्रश्न पस्तीस वर्षांत त्यांना कुणी विचारला नव्हता. उत्तरही सोपं होतं. कपाट अजून सुताराकडून यायचं होतं, भिंत समोर मोकळी होती, बोट ठेवून जागा दाखवता आली असती. त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात नागरत्नाबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "काय विचारतोस तू हे? मानाजीरावांच्या कामात फॉल्ट? त्यांच्या घरात आजवर ठिणगी पडली नाही."

त्यांचंच वाक्य त्यांच्यासमोर कुणीतरी इतक्या विश्वासानं म्हटलं होतं.

"फॉल्ट कसला," मानाजीराव म्हणाले. "जुनी झालीय वायर. अष्टे."

एवढंच. फाटकापर्यंत गेल्यावर त्यांना विश्वेश निनादला सांगताना ऐकू आलं, "बिचाऱ्यांना हल्ली काम मिळत नसेल. अर्थिंगचं काहीतरी देऊ त्यांना." हे मानाजीरावांना फार झोंबलं. खरं सांगायचं तर त्या झोंबण्याचा त्यांना थोडा आधारच झाला. ज्या घरात आपल्याला भिकारी समजतात तिथे आपण कशाला बोलायचं, असं म्हणत ते दोन दिवस घरात बसून राहिले. अशी सोयीची कारणं माणसाला नेमकी वेळेवर सुचतात.

तिसऱ्या दिवशी बायकोनं, जयवंतीबाईंनी, त्यांना धरलं. ताटातली भाकरी तशीच राहत होती, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. मानाजीरावांनी आयुष्यात पहिल्यांदा भिंतीची गोष्ट सांगितली. जयवंतीबाईंनी ती ऐकून घेतली आणि त्या एवढंच म्हणाल्या, "मग इथं मला काय सांगत बसलाय? तिथं जाऊन सांगा की."

ते गेले. विश्वेश पुण्याला परतला होता, खोलीत कपाट बसलं होतं, एसी गार हवा सोडत होता. नागरत्नाबाईंनी त्यांना हात धरून ती खोली दाखवली. लग्नाचा फोटो आता समोरच्या भिंतीवर एसीखाली, अगदी मधोमध होता.

"तुम्हांला एक सांगते मानाजीराव," त्या म्हणाल्या. "तो निनाद म्हणत होता, या खोलीची लाइन तेवढी नवीन टाकू, भिंतीवरून पट्टी मारून. अर्ध्या दिवसाचं काम. मीच बेड म्हटलं, नको म्हटलं. म्हटलं, मानाजीरावांची लाइन आहे, तिला हात लावायचा नाही. आमच्या यांनी किती विश्वासानं काम दिलं होतं तुम्हांला. तुमचं काम मी उपटू देईन का?"

मानाजीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना वाटलं, म्हातारा गहिवरला. त्यांनी कॉफी आणून दिली आणि ती पिताना मानाजीरावांना आपला स्वतःचा इतका तिटकारा वाटला की अर्धी कॉफी तशीच ठेवून ते उठले. आपल्यासाठी या बाईनं स्वतःचं नुकसान करून घेतलंय, हे तिला सांगायला जे काळीज लागतं ते त्यांच्याजवळ नव्हतं. निघताना एवढंच म्हणाले, "एसी आणि गीझर एकदम लावू नका अक्का."

"का? विशू म्हणतो सगळं एकदम चालतं. त्यासाठीच तर केलं ना एवढं?"

मानाजीरावांनी मोपेडला किक मारली.

मग ते दर आठवड्याला जाऊ लागले. कधी केळी, कधी मोपेड या बाजूला आली होती म्हणून. काहीतरी बघायच्या मिषानं कपाट उघडायचे आणि साड्यांच्या मागे हात घालून प्लायवूडला तळवा टेकवायचे. फेब्रुवारीत गार लागलं. मार्चच्या मध्यावर कोमट लागलं. युगादीच्या आधल्या आठवड्यात त्यांनी हात पटकन मागे घेतला. आता दुसरा मार्ग उरला नाही, हे त्यांना कळलं आणि एकदाचं हलकंही वाटलं. सांगायचंच, सगळं सांगायचं, बाईंच्या पायांवर डोकं ठेवून सांगायचं.

पण सण तोंडावर होता. वर्षाचा पहिला दिवस, घरात तोरण, पुण्याहून नातवंडांचे फोन. अशा दिवसांत तुमची भिंत आतून जळतेय असं कुणी सांगतं का? जयवंतीबाई म्हणाल्या, आजच सांगा. मानाजीराव म्हणाले, सण होऊ दे, सोमवारी सांगतो. एकदा मुहूर्तासाठी केलेली चूक आता ते सणासाठी झाकत होते. युगादीला ते नमस्काराला गेले तेव्हा नागरत्नाबाईंनी त्यांच्या हातावर कडुनिंब आणि गूळ ठेवला. त्यांनी तो खाल्ला आणि घरी आले. सोमवारी त्यांना ताप भरला, किंवा ताप आहे असं त्यांनी ठरवलं. ते नीटसं कुणालाच सांगता यायचं नाही.

मंगळवारी दुपारी अडीच वाजता फोन वाजला. नागरत्नाबाईंच्या शेजारणीचा, सीतालक्ष्मींचा आवाज होता. "मानाजीराव, अक्कांच्या खिडकीतून धूर येतोय. मेन कसं बंद करायचं?"

"व्हरांड्यातल्या पेटीतलं सगळ्यात वरचं बटण," ते म्हणाले. "खाली ओढा. पहिलं ते खाली ओढा आणि दार फोडा."

ते पोचले तोवर अग्निशमनची गाडी आली होती. ज्वाळा फार नव्हत्याच. प्लायवूड आतून धुमसत राहिलं होतं आणि एसीसाठी सगळी दारं-खिडक्या बंद होत्या. सकाळी न्हायच्या वेळी लावलेला गीझर तसाच चालू राहिला होता. वीस अँपियरचा एमसीबी शेवटपर्यंत उडाला नव्हता. त्याच्या हिशेबी काही बिघडलंच नव्हतं. नागरत्नाबाई जेवून आडव्या झाल्या होत्या. धुरानं त्यांना उठूही दिलं नाही. चादरीत गुंडाळून त्यांना बाहेर आणलं तेव्हा न्हालेले केस अजून ओलसर होते. मानाजीराव फाटकाच्या खांबाला धरून खाली बसले.

भिंतीचा तो भाग जळून, फुटून गेला होता. जुनी वायर, नवा भार, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. जोड कुणाला दिसला नाही, कारण दिसण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.

तेराव्याला विश्वेशनं सगळ्या पाहुण्यांसमोर मानाजीरावांच्या पायांना हात लावला. "मामा सांगत होते," तो रडत म्हणाला. "सगळी वायर बदला म्हणून हे एकटे सांगत होते. मी ऐकलं नाही. मला वाटलं, यांना काम पाहिजे." लोकांनी मान हलवली. एकानं जवळ येऊन विचारलं, आमचंही घर एकदा बघाल का. सीतालक्ष्मींनी कुणाला तरी हळूच सांगितलं की यांच्या कामात आजवर ठिणगी पडली नाही, हे वायर बदला म्हणाले तेव्हाच ऐकायला हवं होतं. जयवंतीबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि नंतर बघितलं नाही.

पाहुणे पांगल्यावर विश्वेशनं देवघराच्या खणातून एक पुडी आणली. आत तो चिनीमातीचा फ्यूज होता, धुऊन पुसून ठेवलेला.

"पेटी बदलली तेव्हा अम्मानं हा टाकू दिला नाही," तो म्हणाला. "मामांचा शिष्य आहे, त्यांना परत द्यायचा, म्हणाली. राहूनच गेलं."

मानाजीरावांनी फ्यूज हातात घेतला. तार शाबूत होती.

विश्वेश जवळ टेकला. त्याला बोलायला कुणीतरी हवं होतं, म्हणून त्यानं विचारलं. "मामा, एवढी बारीक तार का घालायचा तुम्ही? बाकीच्या फ्यूजमध्ये जाड होती. याच खोलीत अशी का?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगा समोर बसला होता आणि उत्तराची वाट बघत होता.

"सुम्ने," मानाजीराव म्हणाले. "सवय."