मळा उन्हाने जळाला होता, अक्का

मी आज जिथे आहे तिथे मला सुमनअक्काने पोचवलं. ती माझी थोरली बहीण. सासरी जमलं नाही म्हणून ती परत आली, त्याच वर्षी आई गेली. तेव्हापासून मी आणि वडिलांचा, म्हणजे आबांचा पानमळा, दोन्ही तिनेच सांभाळले.

बारावीनंतर धुळ्याला कॉलेजला निघालो तेव्हा ती जळगावच्या स्टँडवर आली होती. केळीच्या पानात बांधलेली विड्याची पानं तिने माझ्या हातात कोंबली. "रेक्टरले दे. तोंड लाल व्हयनं का मानूस बरा बोलस." बस हलली तशी खिडकीशी येऊन म्हणाली, "मांगे देखू नको, भाऊ." मी मागे पाहिलं. ती पदराने डोळे पुसत होती. मी पाहतोय हे दिसताच तिने मारायला उगारावा तसा हात उगारला.

घरात शब्द चाले तो आबांच्या थोरल्या भावाचा, नानांचा. मी वनस्पतिशास्त्र घेतलं हे कळल्यावर ते म्हणाले, "म्हंजे फुलं मोजाले धुळ्याले जास का तू?" सगळे हसले. अक्का हसली नाही. मला पाठवायचं हे तिनेच नानांशी भांडून ठरवलेलं होतं.

आमच्याकडे पानमळ्यात कोणी चप्पल घालून जात नाही. मळा देवाचा मानतात. पाळीच्या दिवसांत बाईने आत पाऊल टाकायचं नाही, हाही तसाच जुना नियम. अक्का दोन्ही पाळायची. मळ्यात शेवरीची झाडं असतात, वेल त्यांच्यावर चढते आणि त्यांच्याच सावलीत वाढते. मी दुसऱ्या वर्षाला होतो त्या उन्हाळ्यात लग्नसराई तोंडावर होती, पानाला मागणी होती. नानांनी शेवरी वरपासून छाटून टाकायला लावली. "ऊन लागी तं पानं वाढतीन."

ऊन लागलं. आमच्या भागातलं वैशाखाचं ऊन ज्याने सोसलंय त्याला पुढचं सांगायला नको. पानं आधी पिवळट पडली, मग पांढुरकी झाली, मग कडांनी करपली. परीक्षा संपवून मी घरी पोचलो तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती.

"मळामा कोन गयथं, तिलेच इचारा," नाना म्हणाले. अक्काकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

अक्का दारात उभी होती. "मन्हा पायमा इतली ताकद ऱ्हाती, तं पहिले सासर जळतं नही का, नाना?"

मी एकटाच हसलो. आबा खाली बघत म्हणाले, "ऱ्हाऊ दे सुमन. आते नको जाऊ मळामा." चार दिवसांचा नियम तिच्यासाठी त्या दिवशी कायमचा झाला. पाळीच्या दिवसांत ती मळ्यात गेलीच नव्हती. आणि गेली असती तरी काय होणार होतं?

काय झालं होतं ते मला पुढच्या वर्षी वर्गात कळलं. सरांनी फळ्यावर पानाची आतली रचना काढली आणि माझं डोकं तापत गेलं. उजेडावर पान अन्न तयार करतं, पण किती उजेड वापरायचा याला पानाची मर्यादा असते. जिनिंगमध्ये मशीनला झेपेल त्याहून जास्त कापूस कोंबला तर रोलर तापतो, भाग मोडतात, कधी ठिणगी पडते. पानातही तेच होतं. न वापरलेली ऊर्जा आतल्या नाजूक प्रथिनांना मोडते. पान गिरणीतल्या फिटरसारखं मोडलेलं काढून नवं बसवत राहतं, रोज, मुकाट्याने. मोडतोड दुरुस्तीच्या पुढे गेली की काम मंदावतं. तरीही ऊन हटलं नाही तर हिरवा रंगच जातो. सावलीत वाढलेल्या पानाची तर तयारीही कमी असते. आमच्या पानांच्या डोक्यावरची सावली एका दिवसात काढून घेतली होती.

सुट्टीत मी हे घरी सांगितलं. आबा ऐकत होते. नाना म्हणाले, "पुस्तकमा लिखेल शे ते पुस्तकमा ऱ्हाऊ दे."

आता मी नेदरलँड्समध्ये हेच काम करतो. पान थोडा वेळ अंधारात ठेवायचं, मग त्यावर प्रकाश टाकायचा आणि ते किती चमकतं त्यावरून आत किती मोडलंय ते मोजायचं. आमच्या ग्रीनहाऊसमध्ये ऊन वाढलं की वरचा पडदा आपोआप सरकतो. इथे हिवाळाभर लोक उजेडासाठी आसुसलेले असतात, आणि तरीही रोपांवर पडदा ओढायला विसरत नाहीत. तो सरकण्याचा आवाज मला अजून सहन होत नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे लांब आलेत त्यांना ठाऊक असेल, नव्या जागेचं कौतुक वाटायच्या आत जुन्या जागेचा राग येतो.

मागच्या महिन्यात नानांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. मळ्यावर हिरवं शेडनेट टाकलं होतं. "ऊन भलतं व्हतं रे. आते पानं देख, कशी तुकतुकीत!"

मी विचारलं, "मग अक्का आत जाते ना आता?"

"ते येगळं, हे येगळं," नाना म्हणाले.

म्हणजे मळा उन्हाने जळतो हे कळलं. नेट आणण्यापुरतं कळलं. आणि माझी बहीण अजून बांधावर बसून दुसऱ्यांनी खुडलेली पानं निवडतेय! मी फोन ठेवला. अक्काशी बोलायचं तर घरचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, शेजारी बसलेले नाना पुरं बोलू देत नाहीत. म्हणून मी पत्र लिहिलं. ते असं:

अक्का,

नेट टाकल्याचं कळलं. म्हणजे नानांनी कबूल केलंय, फक्त तोंडाने म्हटलेलं नाही. वेल उन्हाने जळाली होती. तुझ्या पायाने नाही. मी रोज पानंच तपासतो, बाईच्या पायाने मोडलेलं एकही पान मला सापडलेलं नाही.

हे पत्र ओट्यावर मोठ्याने वाच. मग बांधावर चप्पल काढ, नेहमी काढायचीस तशी, आणि आत जा. कोणाला विचारू नकोस. कोणी अडवलं तर तुझं ते सासरचं वाक्य पुन्हा ऐकव.

मला इथे विचारतात, घर कुठे. मी पानमळा सांगतो. पण ज्या मळ्यात मला जाता येतं आणि तुला येत नाही, त्याला घर म्हणताना माझी जीभ अडते.

दिवाळीत येतोय. तू मळ्यात असलीस तर आतून हाक मार. बांधावर दिसलीस तर मीही तुझ्याशेजारी बसून पानं निवडीन. मग नाना बोलावोत की आबा, मी आत जाणार नाही.

तुझा,
भाऊ