चादरीचे दुसरे टोक

विहीणबाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो लेकीचे लग्न ठरवायला. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून पियानो होता आणि त्याच्यावर इस्त्री केलेल्या कपड्यांची चळत. बोलणी सुरू कोणी करायची यावर सगळे गप्प होते, म्हणून मी विचारले, "पियानो कोण वाजवतं?"

"मी," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांच्या मते कपडे ठेवायला सोयीचा आहे."

मी म्हणालो, मी सॅक्सोफोन वाजवतो.

"मुलीने सांगितलं नाही. लपवण्यासारखं वाजवता का?"

लेक चहाच्या कपात बघत राहिली. पुढच्या भेटीला मी वाद्य घेऊनच गेलो. लग्नाची तारीख मुलांनी स्वयंपाकघरात ठरवली. आम्हाला ती नंतर कळली.

विहीणबाई हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होत्या. तिथे वाफेवर तापणारा मोठा रोलर होता. ओल्या चादरीची टोके दोघींनी दोन बाजूंनी धरायची आणि सारख्या ताणाने रोलरखाली द्यायची. एकीचा हात मागे पडला की चादर तिरकी जाते, चुण्या पडतात आणि सगळे काम पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी आयुष्यभर हेच केले. पियानो त्या लहानपणी शिकल्या. त्यांची आई एका नाचाच्या हॉलमध्ये फरशी पुसायची, तोवर ही पोर स्टेजवरच्या पियानोपाशी. तिथल्या जॅझ बँडचा म्हातारा पियानोवाला तालमीला लवकर यायचा. त्याने तिला हाकलले नाही, आणि विचारले ते दाखवले. एवढेच त्यांचे शिक्षण.

मी फाउंड्रीत वाळूचे साचे करायचो. कारखान्याचा बँड होता, त्यात मला सॅक्सोफोन मिळाला. बँड बंद पडला तरी मी वाजवणे सोडले नाही.

जॅझमध्ये धून आधी सरळ वाजवतात, मग मोकळी सोडतात, शेवटी परत घरी आणतात. मोकळी सोडल्यावर ती कुठे जाईल हे ठरलेले नसते. म्हणून जोडीदार लागतो. मला तो सोयरिकीत मिळाला. माणसे व्याह्यांपासून चार हात लांब राहतात. मी दर रविवारी दुपारी विहीणबाईंबरोबर बस डेपोजवळच्या सार्वजनिक हॉलमध्ये वाजवायला बसू लागलो. ऐकायला निवृत्त माणसे यायची. काही संगीतासाठी, काही पंख्यासाठी.

मी माणूस कष्टावरून मोजतो. विहीणबाई शिफ्ट संपवून तालमीला आल्या की आधी हात गार पाण्यात धरायच्या, कारण वाफेने बोटे सुजलेली असायची. मग पियानोचे झाकण उघडायचे. एखादी जागा चुकली की ती पुन्हा, आणि बरोबर आली तरी आणखी एकदा. "चालतंय की" हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

सुरुवातीला आमचे भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचे.

"व्याही, तुमचं वाक्य संपतच नाही. मधे श्वास घ्या. दुसऱ्यालाही काही बोलायचं असतं."

"दम आहे तोवर वाजवतो."

"दम दाखवायचा असेल तर फुगे फुगवा. नातीला तरी उपयोग होईल."

मी ऐकायचो नाही. पण निवृत्तीनंतर काही वर्षांनी माझी वाक्ये आपोआप आखूड झाली. त्या मला टोकेनाशा झाल्या. हॉलमधले लोक म्हणाले, "आता तुमच्या वाजवण्यात समज आली." मलाही तसेच वाटले. डॉक्टरांनी सांगितले होते की फाउंड्रीची धूळ फुप्फुसात बसली आहे, जपून राहा. जिना चढताना मला ते पटायचे. हॉलमध्ये पटत नव्हते. तिथे तर मी पूर्वीपेक्षा चांगला वाजवत होतो.

मग विहीणबाईंच्या बहिणीचा पाय मोडला आणि त्या तिच्याकडे राहायला गेल्या. हॉलवाल्यांनी शाळेतल्या संगीताच्या मास्तरांना पियानोवर बसवले. तरुण, तयार हाताचा, आणि फार अदबीने वागणारा माणूस.

पहिली धून सरळ गेली. मोकळी सोडली आणि माझा श्वास अर्ध्यावर संपला. मी थांबलो. मास्तरही थांबले. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी मधे एक मोकळी जागा, आणि त्या जागेत माझी धाप पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जात होती. मी जोर लावला तेव्हा सूर फाटला. मग मी खुर्चीवर बसलो आणि उरलेले मास्तरांनी एकट्याने वाजवले.

"काका, मी तुमची वाट बघत होतो," ते नंतर म्हणाले. "तुमचं वाक्य मधेच कसं तोडू?"

त्यांचे काही चुकले नव्हते. घरी येऊन मी सॅक्सोफोन पुसला, पेटीत ठेवला आणि पेटी कपाटावर चढवली.

"अहो, तिथे माझ्या गोधड्या असतात," बायको म्हणाली.

"आता तिथे हेही राहील."

तिने माझ्याकडे बघितले आणि गोधड्या सरकवून जागा केली. त्यानेच जास्त लागले.

विहीणबाई परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे आल्या. चहा होईपर्यंत बहिणीच्या पायाबद्दल बोलल्या. मग कपाटाकडे बघून म्हणाल्या, "वाद्य उंचावर ठेवल्याने सूर उंच लागतो असं कुठे ऐकलंत?"

"मास्तरांबरोबर वाजवलं," मी म्हणालो. "सगळं कळलं. तुम्ही मला सांभाळून घेत होतात."

"हो."

"कधीपासून?"

"तुम्हाला धाप लागायला लागली तेव्हापासून. तुमच्याआधी मला ऐकू येते. मी जवळ बसते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जोर लावला असता. फाउंड्रीतली माणसं. अडलं की हातोडा."

बायको आत हसली. मला हसू आले नाही. मी म्हणालो, दुसऱ्याच्या खांद्यावर बसून वाजवणे मला जमणार नाही. माझे काम मी करायचे, नाहीतर जागा सोडायची. आयुष्यभर हाच हिशेब ठेवला आहे.

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "रोलरवर माझ्या समोर एक जोडीदारीण होती. तिचा खांदा गेला. हात वर जाईना. मी चादरीचा जास्तीचा भाग माझ्या हातात घ्यायला लागले, ताण इकडून धरायचा. चादर सरळ जात राहिली. सुपरवायझरला शेवटपर्यंत पत्ता नव्हता."

"आणि ती नुसती उभी?"

"नुसती उभी राहिली असती तर मी तिला ठेवली नसती. मी ताण धरायची, त्यामुळे मला कापड दिसायचं नाही. ती बघायची. चुणी दिसली की एका हाताने सपाट करायची. तिच्याइतकी बिनचुणीची चादर त्या लाँड्रीत कोणाची निघत नव्हती. दोन्ही हात धड असताना तिची तशी निघत नव्हती, तेही सांगते."

मी कपाटावरच्या पेटीकडे बघितले.

"तुम्ही आता चार सूर वाजवता," त्या म्हणाल्या. "पूर्वी चाळीस वाजवायचात. त्यातले नेमके चार कोणते, हे मला अजूनही कळत नाही. ते तुम्ही निवडता. मी फक्त ताण धरते. रविवारी येणार असाल तर या. नाही तर गोधड्यांना उगाच त्रास नको."

रविवारी मी गेलो. फरक इतकाच की आता मला माहीत होते. श्वास संपत आला तिथे मी जोर लावला नाही, सूर सोडला आणि ऐकले. माझा शेवटचा सूर विझायच्या आत त्यांच्या डाव्या हाताने तो खालून उचलला होता. इतक्या अलगद की जोड कुठे आहे ते मला, शेजारी उभ्या असलेल्याला, सापडेना. उजव्या हाताने माझेच वाक्य त्या पुढे नेत होत्या, मी नेले असते तसेच, आणि मला परत यायला दार उघडे ठेवून. मी साचेकाम केले आहे. दोन अर्ध्या साच्यांची जोडरेषा ओतीव मालावर दिसू न देणे किती अवघड असते ते मला माहीत आहे. इतकी वर्षे हे काम माझ्यासाठी चालले होते, आणि त्याबद्दल त्या बाईंनी अवाक्षर काढले नव्हते.

मग मी माझे काम केले. एकेक सूर बघून ठेवला. धून घरी आणायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे एकाच सुराचा दम उरला होता. तो कुठे ठेवायचा ते मी नीट ठरवले आणि ठेवला. बाकीचे त्यांनी आणले.

झाकण बंद करताना मी म्हणालो, "विहीणबाई, आभार मानायचे राहिले होते."

"आज कमी बोललात, तेवढे पुरेत."

सॅक्सोफोनची पेटी आता पलंगाखाली असते. बायकोने कपाटावर पुन्हा गोधड्या रचल्या आहेत आणि तिथे हात लावायचा नाही असे बजावले आहे.