पुलापलीकडचं स्वस्त डिझेल

पाच माणसं एकाच गाडीत पुन्हा पुन्हा बसली की दोन गोष्टी साचतात. सीटखाली शेंगांची टरफलं आणि डोक्यात किस्से. टरफलं माझी बायको पुष्पा दर खेपेला झाडून काढते. किस्से काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण कोळसा खाणीच्या स्टोअरमधून रिटायर झाल्यापासून मला दुसरं कामच नाही!

आधी गाडीची ओळख. वणीला रफिकभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी एक जुनी स्कूल बस तोडायला म्हणून भंगारात घेतली आणि तोडायची हिंमतच झाली नाही. "इंजन अजून जवान हाय, कसा हात लावू?" म्हणाले. पुष्पा त्या दिवशी माझ्यासोबत गॅरेजात आली होती. तिनं बसमध्ये डोकावून विचारलं, "भाऊ, याच्यात गॅसची शेगडी बसन का?"

शेगडी बसली. मग पलंग बसला, पाण्याची टाकी बसली, पंखा बसला. रफिकभाईंनी कागदपत्रं रीतसर करून आणली. पुण्याहून मुलानं फोनवर सांगितलं, "बाबा, याला मोटरहोम म्हणतात."

आमचे मित्र वामनराव कापूस-तुरीचे शेतकरी, आणि अख्ख्या तालुक्यात नावाजलेले चिंगूस. ते म्हणाले, "होम म्हना का धाम म्हना. अ‍ॅव्हरेज किती देते ते सांगा!"

*

या अ‍ॅव्हरेजचं वामनरावांना भारी वेड. निघायच्या दिवशी सकाळी ते अंगणात उभे राहतात आणि मूठभर भुसा हवेत उडवतात. भुसा आपल्या जायच्या दिशेनं उडाला तर प्रवास, नाहीतर रद्द!

एकदा बाभुळगावला लग्नाला जायचं होतं. गाडी भरली, पुष्पानं पुऱ्या तळल्या, आणि वामनराव येऊन म्हणाले, "आज नाई. वारा सामोरून हाय. डिझल जास्त पिइन."

दुसऱ्या दिवशीही वारा समोरूनच. तिसऱ्या दिवशी लग्न होतं आणि वारा काही फिरेना. पुष्पा चिडली, मी चिडलो. रफिकभाई मात्र शांतपणे स्टिअरिंगवर बसले, गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि गॅरेजपासून चौकापर्यंत उलटी नेली. अख्खी वणी बघत होती. मग त्यांनी खिडकीतून ओरडून सांगितलं,

"या वामनराव, बसा! आता वारा पाठीमागून हाय!"

*

आमच्या गाडीचा पिवळा रंग बदलायचा राहून गेला. रंगाचा खर्च वामनरावांनीच नामंजूर केला होता.

मुकुटबनला सकाळी चहासाठी थांबलो होतो. एक बाई लगबगीनं आली, दोन मुलींना दप्तरासकट गाडीत चढवलं, "आज लवकर आले जी तुम्ही!" म्हणाली आणि आम्ही तोंड उघडायच्या आत गेलीसुद्धा!

आम्ही आत पाहिलं. धाकटी पलंगावर आडवी होऊन चक्क झोपली होती. मोठी शेगडीजवळ उभी राहून पोहे कधी होतात ते बघत होती. पोरींना शाळेत तर सोडायलाच हवं होतं. पत्ता विचारत विचारत आम्ही फाटकाशी पोचलो आणि पुष्पा धाकटीला उठवू लागली.

मोठी म्हणाली, "झोपू द्या ना काकू तिले. तिचा पयला तास गनिताचा हाय!"

*

रफिकभाई इंजिनचे उस्ताद. प्लंबिंगचे नाहीत. भांडी धुवायच्या सिंकचा पाइप त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला काढला होता.

एका दुपारी पुष्पानं उरलेलं वरण सिंकमध्ये ओतलं. पाच मिनिटांत एक मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत आमच्या पुढे आला आणि गाडी आडवी घातली. डोक्यापासून छातीपर्यंत पिवळा झाला होता बिचारा!

रफिकभाई हात जोडून खाली उतरले. मी टॉवेल घेऊन उतरलो. पुष्पा तर रडकुंडीला आली होती, "भाऊ, माफ करा हो, चुकी झाली."

त्यानं मिशीवरून जीभ फिरवली, जरा विचार केला आणि म्हणाला, "बाकी ठीक हाय वयनी. मीठ कमी हाय."

त्याला गाडीत बसवून जेवू घातलं. मीठ खरंच कमी होतं.

*

आता जरा वेगळं सांगतो. रफिकभाईंच्या बायकोला, शमीमभाभींना, तुम्ही ओळखत नाही. कुणाच्या घरी कपभर चहा घेतला तर दुसऱ्या दिवशी वाटीभर साखर पाठवणारी बाई! कुणाचं काही अंगावर ठेवून घेणं तिच्या स्वभावातच नाही.

भाभींचं माहेर आदिलाबादचं. पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणा, तसं फार लांब नाही. पण मणक्याच्या ऑपरेशननंतर भाभींना तासभरही बसवेना. एसटीनं जाणं बंद झालं. तिकडे अम्मी अंथरुणाला खिळलेल्या. अडीच वर्षं मायलेकींनी एकमेकींना फक्त मोबाइलवर पाहिलं.

गाडीत पलंग बसला तेव्हा रफिकभाई म्हणाले, "चल, झोपून चल." भाभींनी साफ नकार दिला. "माह्यासाठी एवढी मोठी गाडी? चार लोकायचं डिझल कायले जाळता? मी नाई येत."

रफिकभाईंनी समजावलं, पुष्पानं समजावलं, मी समजावलं. भाभी जागच्या हलल्या नाहीत. तेव्हा बशीतला चहा संपवत वामनराव म्हणाले, "तुमच्यासाठी कोन जाऊन राह्यलं भाभी? आम्ही डिझल भराले चाललो. पुलापलीकडं लय स्वस्त हाय. पलंग रिकामाच जाते. यायचं तर या."

भाभी आल्या!

मलाही ते खरं वाटलं होतं. पैशाच्या बाबतीत वामनरावांचा शब्द म्हणजे आमच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. परत येताना आदिलाबादच्या पंपावर थांबलो आणि मी बोर्ड वाचला. आपल्यापेक्षा चांगलंच महाग! मी वामनरावांना बाजूला ओढलं. "अहो, हे तर महाग हाय!"

"हळू बोल," ते म्हणाले. "मले काय आकडे वाचता येत नाई? भाभीचा चेहरा पाह्यला का आज? त्याचा भाव लाव, अन् मंग सांग मले महाग का स्वस्त."

या माणसानं चाळीस वर्षांत मला कधी कटिंग चहासुद्धा पाजला नव्हता. त्या दिवशी मीच त्यांना पाजला, दोनदा. रिटायर झाल्यावर पेपर आणि बीपीच्या गोळ्या एवढंच उरेल असं मला वाटत होतं. त्याऐवजी या माणसांची सोबत मिळाली. देवाचे आभार मानायचे तर एवढ्यासाठीच मानावेत.

*

तेव्हापासून दर महिन्याला आम्ही डिझेल भरायला आदिलाबादला जातो. भाभींना मात्र तिकडचा खरा भाव कळता कामा नये. कळलं तर त्या पुढच्या खेपेला गाडीत पाय ठेवणार नाहीत आणि अम्मी पुन्हा मोबाइलमध्ये जातील, हे आम्हा चौघांनाही पक्कं ठाऊक होतं.

पण अडचण अशी की जगाला भाव कळतो! पुलाच्या अलीकडे, आपल्या बाजूला एक पंप आहे. तिथे तेलंगणा पासिंगच्या गाड्यांची ही रांग! ट्रक, कार, ट्रॅक्टर, सगळे तिकडून इकडे भरायला आलेले. आणि आम्ही रिकामी टाकी घेऊन त्यांच्यासमोरून तिकडे चाललेलो!

एकदा भाभींनी पडून पडूनच खिडकीतून पाहिलं. "भाऊ, हे तिकडचे लोकं इकडं काहून येतात?"

पुष्पा पोळी लाटता लाटता थांबली. वामनरावांनी मान वळवलीसुद्धा नाही.

"टायरात हवा भराले, भाभी. इकडली हवा चांगली हाय!"

*

आणि हा मागच्या महिन्यातला.

अम्मींनी लेकीच्या केसांना तेल लावून दिलं होतं. पडल्या पडल्याच. निघताना त्यांनी नेहमीचं विचारलं, "अब कब आएगी?" दर वेळी भाभी "देखेंगे अम्मी" म्हणतात. या वेळी त्या खाली वाकल्या आणि अम्मींच्या कानात काहीतरी बोलल्या. आम्ही दाराशी होतो, ऐकू आलं नाही.

आम्हाला वेगळीच काळजी होती. आदिलाबादच्या त्या पंपानं नवा बोर्ड लावला होता, पुरुषभर उंच, लाल आकड्यांचा. येतानाच तो दिसला होता आणि आम्ही खुणेनं कामं वाटून घेतली होती. पुष्पा पडदा ओढणार, मी खिडकीत चादर झटकणार, वामनराव भाभींना बिर्याणीची कृती विचारणार. ते बिर्याणी खात नाहीत, पण वेळच तशी होती!

पंप जवळ आला. रफिकभाईंनी वेग कमी केला. पुष्पानं पडदा ओढला, मी चादर उघडली, वामनराव "भाभी, तांदूळ किती येळ भिजवता?" म्हणाले आणि तिघंही एकाच खिडकीत एकमेकांवर आदळलो.

पलंगावरून आवाज आला, "अजी, थांबू नका इथं. पुलापलीकडं, आपल्याइकडं भरा. इथं महाग हाय."

रफिकभाईंचा पाय ब्रेकवर की अ‍ॅक्सिलेटरवर, त्यांनाच समजेना. गाडीनं दोन गचके खाल्ले. चादर माझ्या हातातच राहिली.

"कधीपासून माहीत हाय भाभी?" वामनरावांनी विचारलं.

"पयल्या खेपेपासून."

पंप मागे पडला. वामनराव टोपी काढून मांडीवर ठेवत होते, पुन्हा घालत होते. त्यांना एवढं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पूल आला तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग भाभी... पुढच्या मैन्यात?"

"पुढच्या मैन्यात तिकडं सस्तं होनार हाय," भाभी म्हणाल्या. "अम्मीले तारीख सांगून आली मी."