कुलूच्या डिंकाची तहान

कुलूच्या डिंकाला आंबूस वास असतो. चैत्रात पानं झडून पांढराफटक उभा राहिलेला तो वृक्ष, त्याच्या सालीवरले कुऱ्हाडीचे घाव आणि त्या घावांतून संथपणे ओघळून उन्हात गोठणारे काचेसारखे थेंब, हे सारं मला एके काळी फार सुंदर वाटे. गडचिरोलीपलीकडच्या आमच्या गावात मोहाचा गोड दर्प दाटलेल्या सकाळी दारोदार रानमाल विकणारी जानोबाई रानातून तो डिंक पळसाच्या पानात बांधून आणायची, तेव्हा मी मुद्दाम पुडीला नाक लावायची. आता तो वास आला की माझं पित्त खवळतं.

त्या वर्षी माझी थोरली बहीण, अक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, सुखरूप झाली. पण सहा दिवस उलटले तरी अक्काचं पोट साफ होईना. होणार कसं? बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, पाण्याने वात धरतो, दूध पातळ होतं, हे शास्त्र आईला तोंडपाठ होतं. बाहेर चैत्राचा वणवा, आत बाजेखाली शेगडी, आणि दिवसभरात बाळंतशेपेच्या उकळलेल्या पाण्याचे चार घोट.

आईने जानोबाईकडे औषध मागितलं. तिने कुलूचा डिंक दिला आणि उंबऱ्याबाहेरूनच बजावलं, "बाई, कोरडा नोको देजा. रातभर भिजू द्या, अन् वरतून पानी पाजजा. याले लय तान लागते."

ती वळल्यावर आई म्हणाली, "आता रानातली बाई मले बारंतपन शिकवन."

आईच्या हाताला सवय धावड्याच्या डिंकाची. तो तुपात तळला की लाहीसारखा फुलतो, लाडवात जातो. कुलूचा डिंक तुपाला दाद देत नाही. तो पाण्यातच फुगतो, मूठभराचा पातेलंभर होतो. आईने तो कुटून तुपागुळात कोरडाच वळला आणि मायेने, अगदी मायेने, अक्काला दोन्ही वेळा चारला.

तिसऱ्या दुपारी अक्काचं पोट लाकडासारखं घट्ट झालं. उलट्या सुरू झाल्या. कोरड्या ओठांनी ती मला म्हणाली, "मले पानी दे वो." माठ तीन पावलांवर होता. मी वीस वर्षांची, शाळेत पोरांना आरोग्याचे धडे शिकवणारी मास्तरीण. मी आईकडे पाहिलं आणि बसून राहिले. आईचा राग मला पुष्कळ आला, पण त्या बसून राहण्याचा जो आला तो आजही तसाच आहे.

शेवटी वडिलांनी दवाखान्यातल्या नर्सबाईंना आणलं. त्यांनी आईला खोलीबाहेर काढलं, दोनदा एनिमा दिला, चमच्याचमच्याने पाणी पाजलं. दोन दिवस अक्काचा जीव टांगणीला होता. मग ती वाचली.

पुढच्या आठवड्यात जानोबाई दारात आली तेव्हा आईने तिला नको नको ते ऐकवलं. तुझ्या डिंकाने माझी पोर जात होती, पुन्हा पाय ठेवू नकोस. जानोबाईने एवढंच विचारलं, "पानी पाजलं होतं का?" कुणी उत्तर दिलं नाही. मी दाराआड होते. मीही दिलं नाही. तिने टोपली उचलली, आणि ती आमच्या गल्लीत पुन्हा आली नाही.

दोन वर्षांनी मी चांद्याला अक्काच्या सासरी गेले होते. तिची धाकटी जाऊ नुकतीच बाळंत झाली होती. दुपारी आतल्या खोलीतून तिचं क्षीण आवाजात पाणी मागणं ऐकू आलं. या खेपेला कुणाच्या तोंडाकडे पाहायचं नाही असं ठरवून मी तांब्या भरला. दाराशी गेले, तर अक्का वाट अडवून उभी.

"ते त मागनच," ती शांतपणे म्हणाली. "आपन देऊ नाई. मी नाई राह्यली का बिनपान्याची?"

तिच्या चेहऱ्यावर दुष्टपणाचा लवलेश नव्हता. होती ती मायाच, थेट आईची. जिच्यासाठी मी दोन वर्षं आतल्या आत जळत होते, तिला स्वतःची तहान आठवतही नव्हती. आठवत होतं ते फक्त वाचणं. मग हा राग मी नेऊन ठेवायचा तरी कुणाच्या दारात?

तिने तांब्याला हात घातला. मी ओढला. निम्मं पाणी आम्हा दोघींच्या अंगावर सांडलं. उरलेलं घेऊन मी तिला बाजूला सारून आत गेले, आणि मागे अक्का मला बोल लावत राहिली, आईच्याच शब्दांत.