काखेतलं अंडं

मुलुंडच्या आमच्या चाळीत नळावर नंबर न सोडणारा एकच माणूस होता. कोणाचं तान्हं रडो, कोणाची गाडी चुको, तो आपली बादली जराही हलवायचा नाही. संपात गिरणीतली नोकरी गेल्यावर त्याने मागच्या दारी कोंबड्या पाळल्या होत्या, आणि त्यांच्यावरही आमच्यावर खेकसावं तसाच खेकसायचा. "काय गो, अंडा घालतंस की नाय?"

एकदा त्याची तांबडी कोंबडी खुडूक बसली. त्याने तिच्याखाली उबवायला अंडी ठेवली. पिल्लं निघायच्या बेताला आली तशी त्याने घमेल्यात कोमट पाणी घेऊन सगळी अंडी त्यात सोडली. आत पिल्लू जिवंत असलं की अंडं पाण्यात डुचमळतं. आम्ही बायका श्वास रोखून बघत होतो. एकेक करत अंडी नाचायला लागली. एक मात्र ढिम्म.

"फेका ते," मी म्हटलं.

"जीव आसा त्यात."

दुसऱ्या संध्याकाळी कोंबडी पिल्लं घेऊन उठली, ते अंडं मागेच राहिलं. त्याने ते उचललं आणि बनियनच्या आत काखेत धरलं.

सकाळी नळावर तो तसाच, एक हात अंगाशी घट्ट दाबून उभा. त्याच्यामागे मी. त्याचा नंबर आला, आणि त्याच्या काखेतून बारीक चिवचिव ऐकू आली. अख्खी रांग पुढे वाकली.

त्याने पायाने आपली बादली बाजूला सारली.

"वैनी, तुमी भरा आधी."

मी हंडा लावला, पण डोळे त्याच्या काखेवरच. हंडा भरून वाहायला लागला, तरी मागून कोणी ओरडलं नाही.