मुक्या कैद्याबद्दल शेवंताचं मत

शीव कोळीवाड्याच्या शेवंताला मत विचारावं लागत नसे, ते तयारच असायचं. पापलेट का महागलं, सरकार कुठे चुकलं, शेजारणीच्या सुनेचं कुठे बिनसलं, सगळ्यावर तिचा निकाल ठरलेला. दादरच्या सुमतीबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून शेवंता त्यांच्याकडे मासळी घालत होती. घर पिढीजात मुंबईकरांचं आणि मासे खाण्यात दर्दी. दारात कोळंबी सोलता सोलता दोघी जगाचा न्याय करून टाकत. एका माणसाविषयी मात्र शेवंता चकार शब्द काढत नसे, तो म्हणजे तिचा मुलगा लहू.

लहू लालबागच्या एका गिरणीत होता. संप झाला तसा तो रोज गेटवर उभा राहू लागला, आणि एका सकाळी धरपकडीत सापडून आत गेला. शेवंताने सुरमई तळली, डबा बांधला आणि ती भेटायला गेली. हवालदार आत जाऊन आला आणि म्हणाला, तो येत नाही म्हणतो. तिने तो डबा तिथेच बसलेल्या दुसऱ्या कामगारांच्या बायकांना वाटून टाकला. पुढे लहू सुटला, संप विरून गेला, गिरणीने काही त्याला परत घेतलं नाही. तो भाऊच्या धक्क्यावर बर्फ फोडायच्या कामाला लागला. घरी येऊन जेवायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. बोलणं हो आणि नाही, एवढंच.

भेटायला का आला नाहीस, हे तिने त्याला कधी विचारलं नाही. उत्तर आपल्याला ठाऊक आहे याची तिला खात्री होती. झालं होतं असं, की धरपकडीच्याच सकाळी ती परळच्या नाक्यावर टोपली घेऊन बसली होती, आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते संप मोडून रातपाळी करून निघालेला एक माणूस. आता, कोळीण भवानी परतवत नाही. पहिल्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं की दिवसभर टोपली हलायची नाही. तिने त्याला बांगडे दिले आणि पैसे कपाळाला लावले. नाक्यावरच्या संपवाल्या पोरांनी ते पाहिलं, आणि त्यांतलीही काही त्याच दिवशी आत गेली. ते लहूच्या कानावर गेलं असणार, म्हणूनच त्याने आईचं तोंड बघितलं नाही, असं तिने मनाशी धरलं. धरलं ते धरलंच. एरवी अख्ख्या बाजाराला गप्प करणारी बाई या एका गोष्टीपाशी घाबरायची.

अशात टीव्हीवर तुरुंगाची मालिका सुरू झाली, दर गुरुवारी संध्याकाळी. गुरुवारी निम्मं दादर मासळीला शिवत नाही, त्यामुळे शेवंताला सवड असे. जिन्यात टोपली ठेवून ती सुमतीबाईंच्या दिवाणखान्यात उंबऱ्याजवळ बसायची. मालिकेत एक नवा पोरगा मुक्या कैद्याचं काम करायचा. मुका म्हणजे जन्माचा नव्हे, बोलायचं सोडलेला. सुमतीबाईंचे यजमान मनमोहनराव म्हणत, याला संवाद म्हणता येत नसणार, म्हणून गप्प ठेवलाय. त्यांच्या बहिणीला, यशोदाताईंना, त्याचं नाक खटकायचं. असल्या नाकाचा हिरो होत नाही, हा त्यांचा शेरा. शेवंता म्हणे, मासळीचा आधी डोळा बघावा, आणि या पोराचा डोळा ताजा आहे. सगळे हसत. ती घरी जाई, चुलीपाशी बसून लहूला सारा भाग सांगे, वर दादरकरांची मतंही. घरात टीव्ही नव्हता. लहू ऐकायचा की नाही, देव जाणे.

मग एका गुरुवारी मालिकेत त्या कैद्याची आई भेटीला आली, आणि त्याने तोंड फिरवलं. दिवाणखान्यात वाद पेटला. मनमोहनराव म्हणाले, कृतघ्न कार्टा. यशोदाताई म्हणाल्या, छे, आईनेच काहीतरी केलं असेल, उगाच कुठला मुलगा असं वागेल? सुमतीबाईंनी शेवंताकडे पाहिलं. तिचं काय म्हणणं, असं विचारलं. मत न देताच शेवंता आयुष्यात पहिल्यांदा उठली. टोपली उचलून ती निघाली.

घरी तिने नेहमीसारखं सगळं सांगितलं. मनमोहनरावांचं सांगितलं, यशोदाताईंचंही सांगितलं. शेवटी नजर तव्यावर ठेवून म्हणाली, "मना वाटतं, ताईंचाच खरा. आयचाच चुकला असंल. तिना नको त्या मानसाला म्हावरा दिला असंल."

लहू भिंतीपासून सरळ झाला. कुठल्या माणसाला, असं त्याने विचारलं. मग तिने नाका, बांगडे, भवानी, सगळं ओकून टाकलं. लहू कितीतरी दिवसांनी हसला.

"आये, भवानीला कोन नाय म्हनतं? मना तर ठावूकच नवता."

"मंग आला का नाय?"

"कामावर जातो लिहून दे, सोडतो, असा पोलीस रोज सांगायचे. तुना बगितला असता, तुज्या हातचा तुकडा खाल्ला असता, तर त्याच टायमाला लिहून दिला असता. म्हनून नाय आलो."

तव्यावरचे बोंबील करपले. शेवंता रडली, आणि रडताना तिला इतकं हलकं वाटलं की करपलेले बोंबील दोघांनी चवीने खाल्ले. लहू त्यानंतर काही फार बोलका झाला नाही, पण जेवताना धक्क्यावरच्या गोष्टी सांगू लागला. पुढे पुढे आईच्या मतांना फाटेही फोडू लागला. तिला त्याचा राग यायचा आणि बरंही वाटायचं.

मालिकेतला कैदी शेवटच्या भागात बोलला. काही वर्षांनी तो पोरगा मोठा नट झाला, दादरच्या भिंतींवर त्याचं ते नाक दोन-दोन हात लांब दिसू लागलं. मनमोहनराव आल्यागेल्याला सांगत, आम्ही याला तेव्हाच ओळखलं होतं. सुमतीबाईंनी हसून शेवंताला आठवण करून दिली, अगं, तूच म्हणाली होतीस, याचा डोळा ताजा आहे.

"व्हय," शेवंता कोळंबीचं डोकं मोडत म्हणाली. "पन त्याचा काय कौतुक, बाय? तो मागाहून बोलला. माजा लहू त्याच्या आदी बोलला."