मामा आणि सीलबंद इंजिन

जगात डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी एकही वस्तू नाही, हे आईच्या पोटातच शिकून आलेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. ते माझ्या बायकोचे सख्खे मामा. मूळचे देवगाव रंगारीचे, आता शहरात, पुंडलिकनगरात राहतात. वाळूजच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्याच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. कारखान्यानं मामांना निवृत्त केलं, पण तपासणी काही निवृत्त झाली नाही. शहागंजच्या बाजारात टरबूज घ्यायला गेले की विक्रेता म्हणणार, "चाचा, शक्कर है शक्कर!" त्यावर मामा माझ्या कानाशी लागणार, "एवढं गोड बोलतोय म्हणजे फळ फिक्कं हाय." एकदा डॉक्टरांनी त्यांचं ब्लडप्रेशर मोजून "अगदी नॉर्मल" असं सांगितलं, तर मामा म्हणाले, "एकदा तुमचंबी मोजा साहेब, मशीनचं खरंखोटं कळू द्या." डॉक्टर भले माणूस, त्यांनी मोजलं. त्यांचं बरंच जास्त निघालं. आता मशीन बिघडलंय की डॉक्टर, एवढ्याच प्रश्नावर मामा आठवडाभर मजेत होते. आमच्या शहरात नळाला ठरल्या दिवशी पाणी आलं तरी माणसं देवाला हात जोडतात. एकदा ते चक्क आदल्या दिवशी आलं. सगळी गल्ली हंडे-बादल्या घेऊन धावली आणि मामा मात्र वाहत्या नळाकडे बघत उभे. "आजच का आलं? काय लपवायचंय त्यांना?" मामींनी मागच्या दारानं टाकी भरून घेतली म्हणून त्या आठवड्यात घरात अंघोळी झाल्या.

अशा माणसाला जावई शोधणं सोपं नव्हतं. मुलगी शुभांगी एकुलती एक. स्थळ कन्नड तालुक्यातलं, मुलगा अमेरिकेत. पाहण्याच्या कार्यक्रमात मामांनी विचारलं, "दारू?" मुलगा म्हणाला, नाही. "तंबाखू?" तेही नाही. "पत्ते?" तेही नाही. मामा मागं रेलून बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मंग नक्की काय करता?" मुलानं, म्हणजे दिनेशरावांनी, प्रामाणिकपणे सांगितलं की शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं जुळवतो. अमेरिकेत स्टॉक कार नावाच्या शर्यती असतात, गाड्या वाटीसारख्या रस्त्यावर गोल गोल पळतात, आणि या गाड्या दिसायला शोरूममधल्यासारख्याच असल्या तरी आतून पार वेगळ्या असतात. एवढं ऐकलं आणि मामांचे डोळे चमकले. "म्हणजे वरून एक आन् आतून एक!" लग्न झालं ते शुभांगी अडून बसली म्हणून. मामांनी अक्षता टाकल्या, त्यासुद्धा निवडून.

पुढं मात्र मामांना त्या शर्यतींचं वेड लागलं. रविवारी तिकडं शर्यत झाली की सोमवारी सकाळी पोह्यांची बशी मांडीवर घेऊन ते टीव्हीवर तिचं रेकॉर्डिंग बघत. कोण जिंकतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कोण लबाडी करतंय हे पकडायचं होतं. इंजिनाची ताकद आवरायला आत हवा अडवणारी एक भोकांची चकती बसवतात, हे कळल्यावर ते मला म्हणाले, "पाव्हणं, भोक कानशीनं केसभर मोठं केलं तर कुणाच्या बापाला कळतंय?" तिकडचे लोक दर वर्षी नियम बदलतात, इंजिनाची नवी रचना काढतात, हेही त्यांना संशयास्पद वाटे. "नियम बदलतोय म्हणजे जुना कुणीतरी मोडलाय."

आणि एका शर्यतीत दिनेशरावांच्याच संघाची गाडी पहिली आली. मामी पेढे आणायला निघाल्या, तेवढ्यात टीव्हीवर बातमी आली की आयोजकांनी त्या गाडीचं इंजिन तपासायला ताब्यात घेतलंय, सुटं करून एकेक भाग मोजणार आहेत. जिंकलेल्या गाडीचं ते नेहमीच तसं करतात, पण मामांना नेहमीचं असं काही नसतंच. त्यांनी फोन लावला, आवाज मोठा केला आणि आमच्या सगळ्यांसमोर विचारलं,

"दिनेशराव, घरचा माणूस म्हणून विचारतो. आत काही केलंय का?"

"नाही, बाबा."

"बारीकसं काही?"

"नाही."

"मंग जिंकले कसे?"

तिकडून शुभांगीचा आवाज आला, तोही कोरडा. "बाबा, हे इंजिन यांनी स्वतःच्या हातानं बांधलंय. लोक इकडं यांना हार घालतायत, आणि तुम्ही चोर म्हणताय." फोन बंद झाला. त्यानंतर तिचा फोन येईना. मामी लावायच्या तेव्हा ती मामींशी बोलायची, मामांचं नाव काढलं की घाईत असायची. इंजिन निर्दोष निघालं. मामांनी ती बातमी वाचली आणि तपासणाऱ्यांवर संशय घेतला, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. फोन वाजला की ते मामींच्या आधी उठायचे आणि मग मामींनाच घेऊ द्यायचे.

अशातच तिकडं नवा नियम निघाला. पुढच्या हंगामापासून कुठल्याही संघानं स्वतः इंजिन बांधायचं नाही. नव्या रचनेचं इंजिन सगळ्यांना एकाच कारखान्यातून मिळणार, तेही सीलबंद. सील तुटलं की गाडी बाद. मामांना आभाळ ठेंगणं झालं. आयुष्यभर त्यांनी जे मागितलं होतं ते अमेरिकेनं ऐकलं होतं! रुसवा विसरून त्यांनी शुभांगीला फोन लावला. "पोरी, लई भारी नियम! आता कुणाची लबाडी चालायची नाय. सील म्हणजे सील!"

ती शांतपणे म्हणाली, "व्हय बाबा. आणि ज्यांना आता इंजिन बांधायचं काम नाही, त्यात हे आहेत."

मामा हळूच म्हणाले, "त्या सीलवरबी मला शंकाच हाय."

दुसरं काम मिळायला थोडा अवधी होता, म्हणून शुभांगी आणि दिनेशराव इकडं आले. तिकडं परत गेल्यावर दिनेशराव ट्रकची इंजिनं दुरुस्त करणार होते. सोमवारी सकाळी मीही मामांकडं होतो. टीव्हीवर नव्या हंगामातली शर्यत लागली. दिनेशरावांच्या जुन्या संघाची गाडी, तोच रंग, आत सीलबंद इंजिन. ती सरसर पुढं जात होती. दिनेशराव हातातली बशी विसरून बघत होते. शेवटी ते म्हणाले, "इंजिन चांगलं आहे, बाबा. आमच्यापेक्षा उजवंच असेल."

मामा खुर्ची पुढं ओढून टीव्हीला कान लावून बसले. बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. "नाय. हे पोकळ वाजतंय. तुमच्या इंजिनाचा आवाज कसा भरलेला होता. असं इंजिन आता व्हायचं नाय."

दिनेशरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. "तुम्हाला फरक कळतो?"

"सगळी नोकरी तपासण्यात गेली माझी. मला नाय कळायचं?"

दिनेशरावांनी बशी खाली ठेवली, "आलोच" म्हणाले आणि गॅलरीत गेले. शुभांगी बापाकडं बघत राहिली, मग उठून नवऱ्याच्या मागं गेली.

मामांनी नोकरीभर गाड्यांच्या दारांच्या कड्या तपासल्या होत्या. इंजिन त्यांच्या खात्यात कधी आलंच नव्हतं. मी काही बोलणार, एवढ्यात ते माझ्याकडं झुकले आणि दाराकडं नजर ठेवून दबक्या आवाजात म्हणाले,

"पाव्हणं, त्यांना संशय नाय ना आला?"

"नाही, मामा," मी म्हणालो.

मामांनी सुस्कारा सोडला. गॅलरीत दोघं कठड्याला टेकून उभे होते, आणि मामी आत दिनेशरावांचे पोहे पुन्हा गरम करत होत्या.